लाल दहाची नोट

माझ्या सासूने मला पसंत केलं तेव्हा आधी उजेडाकडे धरून बघितलं असणार, याबद्दल मला काडीची शंका नाही. ठमाबाईच्या हातातून कुठलीही गोष्ट तशीच पुढे जात नसे. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव संपला की ही बाई व्यापाऱ्याने दिलेली एकेक नोट उन्हात धरायची, अंगठ्याने चोळायची, वास घ्यायची. व्यापारी कंटाळून म्हणायचे, "ठमाबाय, सरकारनं छापलीय, मी नाय." तिचं उत्तर ठरलेलं. "सरकारला मी वळखत नाय, तुला वळखते."

घरीही तेच. तांदळात खडा निघाला तर तो वाण्याने मुद्दाम घातलेला. मी माहेरी, नाटे गावी, निघाले की पिशवी तपासणार, आणि परत आले की पुन्हा तपासणार. सुरुवातीला मी फार धुसफुसले, मग नाद सोडला. एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. ती नवऱ्याशी बोलत नसे.

मामंजी, म्हणजे माझे सासरे गंगाराम, पडवीत बसून जाळी विणायचे. सासूला त्यांना काही सांगायचं असलं तर ते माझ्या तोंडून. "मालन, सांग तुझ्या सासऱ्याला, जेवून घे म्हणावं." आणि सासरा चार हातांवर बसलेला. त्यांच्या हातात ती बिडीलाही पैसे देत नसे. बिड्या स्वतः आणून कोनाड्यात ठेवायची.

याचं मूळ जुनं होतं. मामंजी तरुणपणी खलाशी होते. माझा नवरा रघू पाळण्यात होता त्या वर्षी ते एका गलबतावर बहरीनला गेले आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतले ते दहाच्या नोटांचं पुडकं घेऊन. नोटा लाल. आपल्याकडची दहाची तेव्हा जांभळी. सासूला अक्षर येत नाही, ती नोट रंगावरून ओळखते. म्हणून तिने एक नोट बाजारात वाण्याला दाखवली. त्याने ती परत फेकली. खोटी आहे, पोलिसांत देईन म्हणाला. दुकानातली माणसं हसली. पोलिसांच्या धास्तीने तिने त्याच संध्याकाळी पुडकं चुलीत घातलं. नवऱ्याने खरी कमाई बंदराबंदरांत उडवली आणि माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला हे कागद आणले, असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. मग मासळीची टोपली तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली. मामंजी म्हणत राहिले, "खऱ्या हायत. गलबताच्या मालकानं हातात दिल्या." कुणी ऐकलं नाही.

एक नोट तेवढी त्यांनी वाचवली होती, ट्रंकेच्या तळाच्या कागदाखाली. ट्रंक मी झाडायचे, म्हणून मला माहीत. मलाही ती खोटीच वाटायची, उगाच कशाला लपवू.

पंचाऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. यष्टी स्टँडजवळच्या लॉजवर सफारी सूट घातलेला मुंबईचा एक माणूस उतरला आणि तो जुन्या नोटा विकत घेतो अशी बोंब झाली. सासू म्हणाली, "जुन्या घेऊन नव्या खोट्या देऊन जाईल, बघशील." ती जेटीवर गेल्यावर मामंजी गुपचूप चालत गेले आणि त्या माणसाला थेट घरी घेऊन आले.

सफारीवाल्याने नोट उजेडाकडे धरून आतले सिंह बघितले. भिंगाखाली नंबर बघितला, नंबराआधीचं अक्षर बघितलं, घड्या बघितल्या, टाचणीचं भोक आहे का ते चाचपलं. घरात एक सासू कमी होती म्हणून हा दुसरा, असं मला झालं.

"रंग बघा की आजोबा," तो शेवटी म्हणाला. "खोटी आहे. आता एवढ्या लांब आलोय, तर गंमत म्हणून वीस रुपये देतो."

मामंजींनी मान खाली घातली. मला त्यांची दयाही आली आणि त्यांचा रागही आला. या वयात एवढी पायपीट करून पुन्हा तेच ऐकायचं, तेही सुनेसमोर.

सासू दारात उभी होती. कधी आली कोण जाणे. टोपली कमरेवर, आणि नजर नोटेवर नाही, त्या माणसाच्या बोटांवर. जेटीवर गिऱ्हाईक सुरमई शिळी म्हणतं आणि तिच्यावरचा हात काही काढत नाही, तेव्हा ती अशीच बघते.

"दे इकडं," ती म्हणाली. त्याने दिली, पण जड हाताने.

"खोटी हाय ना? मग घरात नको." आणि सरळ चुलीकडे वळली. चुलीवर भात रटरटत होता.

तो माणूस बुटांसकट माझ्या स्वयंपाकघरात धावला. "मावशी, थांबा. शंभर देतो."

"खोट्या नोटेचे शंभर?"

"दोनशे घ्या."

"पैशाचं नको बोलू. खरी का खोटी, तेवढं बोल."

तो घाम पुसत म्हणाला, "खरी आहे. आखातात तेव्हा रुपया चालायचा. तिकडच्यासाठी या नोटा आपल्याच रिझर्व्ह बँकेने काढल्या होत्या. इथल्या नोटांत मिसळू नयेत म्हणून रंग वेगळा आणि नंबराआधी इंग्रजी झेड. इथल्या बाजारात कुणी घेतल्या नसत्या, पण तेव्हा बँकेत नेल्या असत्या तर बदलून मिळाल्या असत्या. आता सहसा सापडत नाहीत, म्हणून शौकीन लोक किंमत देतात." मग आशेने विचारलं, "आणखी आहेत का हो?"

सासू चुलीकडे बघत राहिली.

"होत्या," म्हणाली, आणि तिथेच खाली बसली. तिची कधीतरी जिरावी असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या वेळी मात्र मी पुढे होऊन तिची टोपली उतरवून घेतली.

थोड्या वेळाने उठून तिने नोट मामंजींच्या मांडीवर नेऊन ठेवली. त्यांनी ती उचलली आणि सफारीवाल्याला देऊन टाकली. त्याने चारशे रुपये मोजले आणि चटकन वाट धरली.

"मामंजी, एवढी जपली आणि आता विकलीत?" मला राहवलं नाही.

"हिनं ऐकावं म्हणून जपली," ते म्हणाले. "ऐकलंन. आता ती नोट ठेवून काय करू?"

त्यांनी पैसे सासूपुढे धरले. तिने घेतले, हात सवयीने उन्हाकडे वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. शंभराच्या चारही नोटा तिने न बघता कनवटीला खोचल्या. त्या सफारीवाल्याच्या नोटा. अहो, या तरी बघा, असं माझ्याच ओठांवर आलं होतं.

मामंजींना सांगायच्या नेहमीच्या निरोपासाठी मी थांबले. ती माझ्याकडे वळलीच नाही.

"भात झालाय," ती त्यांना म्हणाली. "जेवून घ्या."