खिडकीसमोरची फांदी

रेगिनाने त्या वर्षी ऑलिव्हच्या झाडांखालची जाळी एकटीनेच पसरली. तिचा नवरा आर्सेनिस ऑक्टोबरात गेला, जाळीचं भोक शिवता शिवता, झाडाच्या बुंध्याला टेकून. ती जेवायला हाक मारायला गेली तेव्हा सुई अजून त्याच्या बोटांत होती. तिने ती हळूच काढून घेतली, दोरा गुंडाळून ठेवला आणि मग नणंदेला बोलवायला गेली. रडली नाही. दफनाच्या वेळीही नाही, चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने उकडलेले गहू वाटतानाही नाही. आमचं गाव बाकी कशाकडे लक्ष देवो न देवो, विधवेच्या डोळ्यांत पाणी आहे की नाही ते बरोबर बघतं.

तिला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. कशाचंच वाटत नव्हतं. सकाळ झाली की ती उठायची, कोंबड्यांना टाकायची, घेवडा शिजवायची, संध्याकाळी स्मशानात जाऊन थडग्यावरच्या दिव्यात तेल घालून यायची. हातपाय चालत होते म्हणून ती चालत होती.

आमच्याकडे ऑलिव्ह तोडत नाहीत की झोडपत नाहीत. झाडांखाली काळी जाळी अंथरायची आणि हिवाळाभर फळं आपणहून पडायची वाट बघायची. झाडाला करवत तर लावायचीच नाही. आमच्या बेटाच्या संताने म्हणे कुणाच्या तरी पणजोबांच्या स्वप्नात येऊन सांगितलं होतं की फांदी कापली की झाडाला दुखतं. संताचं नाव पुढे करून आम्ही आमचा आळस पिढ्यान्‌पिढ्या पोसला, हे खरं. झाडं चर्चच्या घंटाघराला खाली बघायला लावतील एवढी वाढली आणि घरं त्यांच्या अंधारात बुडाली.

रेगिना इथली नव्हे. ती बेटाच्या दक्षिण टोकाची, लेफ्किमीची, मिठागरांच्या गावची. तिथे एवढं ऊन असतं की माणसं डोळे बारीक करूनच बोलतात. लग्न होऊन आली आणि पहिल्या दिवशी भर दुपारी तिला स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला. खिडकीसमोर एक आडवी फांदी होती, माणसाच्या कमरेएवढी जाड. तिच्या पानांतून उजेड गाळून यायचा, तोही हिरवट. भिंतींना काळी बुरशी धरायची. दर ईस्टरला रेगिना चुना लावायची आणि पुढच्या ईस्टरपर्यंत बुरशी पुन्हा हजर.

पहिल्या वर्षी तिने विषय काढला होता.

"एवढी एकच फांदी काप ना. तांदळातला खडासुद्धा दिसत नाही मला."

"चष्मा आणून देतो," आर्सेनिस म्हणाला.

"थट्टा नको. मला उजेड हवाय."

"हे झाड माझ्या आजोबांनी राखलंय. त्याला करवत लागली तर माझ्या हाताला लागली असं समज."

तिने दिवा जवळ ओढला आणि तांदूळ निवडत राहिली. त्याच वसंतात एके दिवशी तो केसांत लाकडाचा भुसा घेऊन घरी आला. विचारलं तर म्हणाला, शेळ्यांचा गोठा दुरुस्त करत होतो. जेवला नाही, बोलला नाही, रात्री अंगणातच झोपला. आपण फांदीचं बोललो म्हणून याने मनात राग धरलाय, असं तिने ठरवून टाकलं. पुन्हा कधी तिने फांदीचं नाव काढलं नाही. मूलबाळ झालं नाही. सगळा संसार दोघांनी त्या हिरव्या अंधारात केला. भांडले फार नाहीत आणि बोललेही फार नाहीत.

आर्सेनिस गेला त्या हिवाळ्यात पाऊस उघडायचं नाव घेईना. जाळीत पडलेल्या फळांवर तपकिरी खड्डे होते, खड्ड्यांतून नारिंगी चिकट काहीतरी सुटलेलं. हातात धरलं की साबणाच्या चिपेसारखं निसटायचं. रेगिनाने ती तशीच पोत्यांत भरली आणि घाण्यावर नेली.

घाणेवाला क्लेआंथिस शेजारच्याच आळीतला. त्याने नळाखाली वाटी धरली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. तेल लालसर उतरलं होतं.

"काकू, हे खाऊ नका. आंबट ढाण आहे. दिव्यात घाला फार तर."

"बरं."

"बरं काय? बुरशी आहे ही. तुमच्या झाडांत वारा नाही, ऊन नाही, पावसाचं पाणी सुकतच नाही. आता निम्मी फळं वाळून फांद्यांनाच लोंबतायत, त्यांची बुरशी पुढच्या पावसात नव्या फळांना लागणार. झाडं छाटा सगळी, मोकळी करा. मग मोरचुदाचं पाणी फवारू, आणि फळ पडायची वाट न बघता लवकर काढू. नाहीतर पुढच्या वर्षी दिव्यापुरतंही मिळायचं नाही."

त्या झाडांशिवाय रेगिनाला दुसरं काही नव्हतं. हे तिलाही कळत होतं, पण ते कळणं दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या घरात होत असावं तसं.

नणंद मार्केला ऐकून तणतणत आली. ताटातला घेवडा एक घास खाऊन तिने बाजूला सारला.

"वहिनी, मीठ संपलंय का तुझ्याकडे? मिठागराची लेक ना तू!"

"घातलं नाही वाटतं."

"आणि झाडं कापणार म्हणे? माझ्या भावाची माती अजून ओली आहे. तो जिवंत असता तर हिंमत झाली असती तुझी?"

"नसती झाली."

"मग?"

"मग काय, तो नाहीये," रेगिना म्हणाली. त्यात राग नव्हता की टोमणा नव्हता, म्हणून मार्केलाला ते जास्तच लागलं.

काही दिवस रेगिनाने काही ठरवलं नाही. रोज ते लाल तेल घेऊन स्मशानात जायची. दिवा धूर करायचा, काच काळी व्हायची, ती शालीच्या टोकाने पुसायची. एकदा तिथे बसून तिने त्याला मोठ्याने विचारलं, "कापू का?" आणि आपण उत्तराची वाटही बघत नाही आहोत हे तिच्या ध्यानात आलं. परत येताना वाटेत क्लेआंथिस भेटला, त्याला म्हणाली, "काप." एखादी काडी मोडायला सांगावी तितक्याच सहज.

फेब्रुवारीत एक कोरडा दिवस साधून तो शिड्या आणि यांत्रिक करवत घेऊन आला. मार्केला फाटकापाशी काळी शाल घट्ट आवळून उभी राहिली, जणू पुन्हा कुणाला उचलून नेत होते. एकेक फांदी पडत गेली. रेगिना आत चुलीपाशी होती. सगळ्यात शेवटी क्लेआंथिस खिडकीसमोरच्या फांदीवर चढला. करवत सुरू झाली आणि लगेच थांबली.

"काकू! जरा बाहेर या."

ती हात पुसत आली. तो फांदीवर पालथा पडून वरच्या अंगाची साल चाचपत होता.

"ही कुणीतरी आधी कापायला घेतली होती. हाताच्या करवतीने. चांगली वीतभर आत गेलीय, मग सोडून दिलीय. दोन्हीकडून साल वाढून ओठासारखी मिटलीय. खूप जुनं आहे, काकू. तुमच्या लग्नाच्या सुमाराचं असेल."

"आमच्या झाडाला कोण हात लावणार!" मार्केला फाटकातून ओरडली. "आर्सेनिसने लावू दिला असता का कुणाला?"

आर्सेनिसच्या केसांतला तो भुसा रेगिनाला आत्ता दिसत होता, कानामागे अडकलेला, पांढरा. शिडीला धरून ती दोन पायऱ्या चढली, क्लेआंथिसने हात दिला, आणि तिने त्या मिटलेल्या सालीत बोट घातलं. आत गार होतं. म्हणजे तो चढला होता. तिच्यासाठी चढला होता, अर्ध्यापर्यंत गेला होता आणि त्याच्याने पुढे झालं नव्हतं. रात्रभर अंगणात पडून राहिला, तो रागाने नव्हे.

"सांगायचं होतंस रे," ती म्हणाली. "एवढं बोलायला काय झालं होतं तुला?"

मार्केलाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि आवळलेली शाल सैल सोडली.

"कापू ना?" क्लेआंथिसने विचारलं.

"काप. पण खाचेचा तुकडा वेगळा ठेव. जळणात टाकू नकोस."

फांदी पडली तेव्हा जमीन हादरली. रेगिना आत आली आणि दारातच थबकली. ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं होतं, आर्सेनिसच्या खुर्चीवर, भिंतीवरच्या बुरशीवर. सगळं उघडं पडलं होतं. ती त्याच्या खुर्चीत बसली, पातेल्यातला घेवडा ताटलीत घेतला आणि एक घास तोंडात घातला.

"शी, किती अळणी!" ती म्हणाली, आणि घास तोंडात तसाच ठेवून ती हमसून हमसून रडायला लागली.