शुक्रवारची रेंज

माझा मुलगा आखातात गेला तेव्हा त्याची मुलगी आठ महिन्यांची होती. तो न्हावा शेव्याला बंदरावर क्रेन चालवायचा. तिकडच्या एका बंदरात तेच काम मिळालं आणि बायको-मुलीला घेऊन तो गेला. हे वारले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. म्हणून घरात मी एकटीच उरले. घर म्हणजे पनवेलच्या बाहेर, आमच्याच भाताच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खालच्या मजल्यावर माझी जाऊ, तिची दोन मुलं, एक सून. त्यांच्या जेवणाच्या ताटांचा आवाज मला वरती ऐकू येतो.

जाण्याआधी मुलाने घरात वायफाय बसवून घेतलं. भिंतीतून वायर जिथे आत आली तिथे बाहेरच्या खोलीतल्या भिंतीत कप्पे होते. त्यातल्या मधल्या कप्प्यात वायफायचा डबा ठेवला. दोन शिंगं आणि चार हिरवे दिवे. मला एक मोठा फोन दिला आणि शिकवलं, "आई, हिरवं दाबायचं, बस. बाकी कशाला हात लावू नको." मी चौथीपर्यंत शिकले आहे. वाचता येतं, पण फोनवर काही चुकीचं दाबलं जाईल याची भीती वाटायची.

तिकडे शुक्रवारी सुट्टी असते. म्हणून दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता तो फोन करायचा, तोंड दिसतं तसा.

मी गुरुवारपासून तयारीला लागायचे. माळ्यावरच्या गोणपाटातून माझी पितळेची भांडी काढायची. लग्नात मिळालेला हंडा, दोन कळश्या, मोठी परात, तांबे. चिंच-मीठ लावून घासायची, पुसायची आणि कप्प्यांत मांडायची. आमच्या जुन्या घरात ती कायम मांडलेली असत. आता आजूबाजूला सगळीकडे बांधकाम, सिमेंटची धूळ, दोन दिवसांत भांडी काळी पडतात. म्हणून शनिवारी परत गुंडाळून ठेवायची. मुलाला वाटलं पाहिजे की घर आहे तसंच आहे. तो कप्प्यातला डबा आणि त्याच्या लोंबणाऱ्या वायरी बऱ्या दिसत नव्हत्या. त्याच्यासमोर मी परात उभी करायचे. कप्पा अगदी बरोबर झाकला जायचा. मग भांड्यांकडे पाठ करून खुर्चीवर बसायचं, समोर टीपॉयवर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन ठेवायचा. डोक्यावरून पदर घ्यायचा. फोनमध्ये स्वतःचं तोंड दिसतं, त्याची मला फार लाज वाटायची.

आणि फोन लागला की सगळं बिघडायचं. मुलाचं तोंड अर्धं हलायचं, अर्धं थिजून राहायचं. मधोमध चाक गोल फिरत राहायचं. आवाज तुटायचा.

"आई... दिस... नाय... तू..."

"मी हाय इथंच," मी म्हणायचे.

"काय?"

"हाय मी. हाय."

नातीचं एक गालफड आणि लाल रिबीन एवढंच दिसायचं. ती कधी हसली, कधी रडली, ते मला कळायचं नाही. फोन बंद पडायचा, पुन्हा यायचा, पुन्हा बंद पडायचा. शेवटी तो साधा फोन करून विचारायचा, जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी हो म्हणायचे.

असे सात-आठ महिने गेले. एकदा तो म्हणाला, "आई, उलव्याच्या आजीकडे कसं मस्त दिसतं. पोरगी तिला लगेच ओळखते, आजी आजी करते. तुझ्याकडे ती कंटाळते. हे असंच राहिलं तर मी साधाच फोन करत जाईन. मान्य ना?"

उलव्याची आजी म्हणजे माझी विहीण. मी "बरं" म्हटलं. आठ महिन्यांची मुलगी मांडीवरून गेली होती. आता तोंडही दिसलं नाही, तर ती आली की मला परकीच समजणार. रडेल माझ्याकडे यायला.

केबलवाल्याला फोन करायचा म्हणजे मला मोठं काम. काय बोलायचं ते मी मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, दोनदा वाचलं, मग फोन लावला. तो मंगळवारी आला. तिशीतला, बूट दाराबाहेर काढणारा, बरा माणूस. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले.

"मावशी, काय प्रॉब्लेम आहे?"

"तोंड अडकतं."

"कोणाचं?"

"मुलाचं."

तो हसला नाही, हे मला आवडलं. त्याने कप्प्यातला डबा काढून बघितला, पुसला, शिंगं सरळ केली, आपल्या फोनवर काहीतरी लावलं. "मावशी, पळतंय की घोड्यासारखं. हे बघा." खरंच त्याच्या फोनवर सिनेमा न अडकता चालला होता. माझ्या फोनवरही वरच्या कोपऱ्यातल्या सगळ्या रेघा भरलेल्या.

"शुक्रवारी होतं," मी म्हटलं.

"शुक्रवारी? मग बरोबर. आखातातली सुट्टी. इकडच्या बाजूला घरटी एक माणूस तिकडे. सगळे एकदम फोन करतात, लाईन जाम."

मला ते पटलं. पुढचे काही शुक्रवार मी लाईनीवर गर्दी असणार म्हणून गप्प बसले. पण पुन्हा एकदा तक्रार केली, तेव्हा तोच डोकं खाजवत म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरच्या खाला आहेत ना, त्यांचा मुलगापण तिकडेच. त्यांचं तर शुक्रवारी मस्त चालतं, मी स्वतः बघितलं. तुमचंच काय होतंय, कळत नाही मावशी." तोही मंगळवारच होता. चहा न घेताच गेला.

जाऊ जिन्यात भेटली की विचारायची, "काय गो, झाली का तुजी शुक्रवारची आरती? देव दिसला का?"

"अर्धा दिसला," मी म्हणायचे.

"आमचा देव बघ, दिवसभर दिसतो, आणि दिवसभर खायला मागतो. नेतेस का?"

ती चेष्टा करायची, पण तिला मनात वाईट वाटत असावं. कधीकधी संध्याकाळी माशाचं कालवण वर पाठवायची.

तिच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्यात हळद लग्नापेक्षा मोठी. हळदीला पाणी आणायला, मांडवात मांडायला पितळेची भांडी लागतात, आणि तिने तिची सगळी कधीच मोडीत घातली होती. बुधवारी ती वर आली. "तुजा हंडा, कळश्या, परात, सगळा दे. शनिवारची हळद हाय. पोरी आजच घासून ठेवतील."

"शुक्रवारी..." मी म्हटलं.

"शुक्रवारी काय? तुज्या आरतीला भांडी लागतात व्हय?"

मी माळ्यावरून गोणपाट काढलं. सगळी भांडी दिली. फक्त एक लहान तांब्या राहिला, मी पाणी पिते तो.

शुक्रवारी कप्पे ओकेबोके दिसत होते. मला त्या उघड्या भिंतीकडे पाठ करून बसायची लाज वाटत होती. मधल्या कप्प्यात तो डबा, वायरी, लुकलुकणारे दिवे. बाराला फोन आला आणि हिरवं दाबलं, तर समोर माझा मुलगा बसलेला. संपूर्ण. डोळे, मिशी, गालावरची लहानपणची खूण. कानाजवळ पांढरे केस आलेले. मला माहीत नव्हतं.

"आई! आज क्लिअर दिसतेस." मग जरा पुढे वाकला. "मागची भांडी कुठं गेली? विकलीस काय?"

"नाय रे. हळदीला दिलीत. खाली."

"मग ठीक. हे बघ, कोण हाय?"

त्याने नातीला समोर धरलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बापाच्या खांद्यात तोंड खुपसलं. "लाजते," तो हसून म्हणाला, "तुझ्यावर गेलीय." मी पदर पुढे ओढला. त्या दिवशी एकदाही चाक फिरलं नाही.

मला वाटलं केबलवाल्याने बाहेर काहीतरी केलं असेल.

लग्न झालं, पुढच्या आठवड्यात गुरुवारी भांडी परत आली. मी ती मांडली. परात लावली. सहज फोन हातात घेतला तर वरच्या कोपऱ्यात एकच रेघ. परात बाजूला केली. रेघा भरल्या. पुन्हा लावली, पुन्हा एक रेघ. कळशी डब्याजवळ सरकवली, तीही गेली. मी तशीच खाली फरशीवर बसले. इतके महिने मी दर गुरुवारी चिंच लावून हात आंबवले, आणि दर शुक्रवारी त्याच भांड्यांनी माझ्या मुलाला अडवून धरलं. मंगळवारी केबलवाला यायचा तेव्हा भांडी माळ्यावर असायची.

हे मी कोणाला सांगितलं नाही. मुलाने विचारलं, "केबलवाल्याने काय केलं शेवटी?" मी म्हटलं, "वायर बदलली." भांडी गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली.

त्यानंतर सगळे शुक्रवार स्वच्छ दिसायला लागले. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. फोन दहा-बारा मिनिटांचाच असायचा. आधी मला वाटायचं, रेंज नाही म्हणून बोलणं राहिलं. रेंज असती तर तो बोलत बसला असता, सून बसली असती. आता रेंज होती. सून हात पुसत यायची, "कशा आहात" विचारायची आणि आत जायची. मुलगा बोलता बोलता बाजूला बघायचा. मलाही काही सुचायचं नाही. आज काय केलं? भाजी आणली. पाणी आलं नव्हतं, मग आलं. एवढंच. कधीकधी मनात यायचं, ते चाक फिरत होतं तेच बरं होतं.

आणि नात अजून लाजतच होती. बापाच्या मागून एक डोळा.

एका शुक्रवारी ती अशीच लपली होती, मुलगा म्हणाला, "जाऊ दे आई, ठेवतो आता." मला घाई झाली. जवळ तो लहान तांब्या होता, पाण्याचा. काय करावं न कळून मी चमच्याने त्याच्यावर मारलं. टण्ण.

नातीने डोकं वर केलं.

मी पुन्हा मारलं. टण्ण. ती खांद्यावरून उतरली, फोनजवळ आली, इतकी जवळ की तिचं नाकच दिसायला लागलं. "अजून," ती म्हणाली. मी मारत राहिले. पदर कधी मागे पडला, मला कळलं नाही. त्या दिवशी फोन किती वेळ चालला ते बघितलं नाही, पण गॅसवरचा भात करपला.

आता शुक्रवारी बारा वाजले की आधी तिचाच आवाज येतो. बाप म्हणतो, "कोणाला लावलाय फोन?" ती म्हणते, "टण आजीला." उलव्याची ती आजी, आणि मी टण आजी.

फोन संपल्यावर तांब्या मांडीतच राहतो. घर एकदम गप्प होतं. मग जिन्यातून जावेचा आवाज येतो, "काय गो, आरती संपली काय? आज लवकर आटपली." तांब्यात पाणी भरते आणि पिते.