लाटणी थांबली तेव्हा

काल गच्चीवर आम्ही शेजारणी पापड लाटत होतो. कमलमावशी त्यांच्या हरवलेल्या म्हशीची हकिकत सांगत होत्या. "म्हैस सापडली गं, पण तिच्या गळ्यातली घंटा पलीकडे उसात वाजत होती," म्हणाल्या आणि थांबल्या. "जरा तेलाची वाटी सरकव."

सगळ्यांची लाटणी जागच्या जागी थांबली. माझा मात्र जळफळाट झाला. मी कॉलेजात फळ्यावर चढती रेघ काढून कथानक शिकवते. ताण कसा वाढवायचा, कुठे थांबायचं, सगळं सांगते. पोरं एवढंच विचारतात, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?" आणि शाळेचं तोंडही न पाहिलेली ही बाई!

मावशी निवांतपणे लाटीला तेल लावत होत्या.

"मग?" कुणीतरी न राहवून विचारलं.

आवाज माझाच होता.