लोणच्याच्या फळीवरचे कोळी

कोळ्यांची मला भीती नाही, किळस आहे. लोक दोन्ही एकच समजतात. भीती वाटली की माणूस तिकडे बघत नाही. किळस वाटली की बघायचं नाही म्हणता म्हणता सारखं तिकडेच बघतो. आमच्या मुलीनं घरात कोळ्यांची पिल्लं आणली त्या वर्षी मी इतकं बघितलं, की जेवताना भातातलं जिरं हलतं आहे असं मला वाटायचं.

मुलगी तेव्हा इथेच बडोद्याला प्राणिशास्त्रात संशोधन करत होती. डांगच्या जंगलात एक जुनं झाड पडलं आणि त्याच्या ढोलीत झाडावर राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांची एक मादी पिल्लांसकट सापडली. मादी मेली, पिल्लं हिच्या वाट्याला आली. ती साध्या डब्या-बरण्यांत कशी जगवायची, त्यांना काय आणि किती खायला घालायचं, हा तिचा विषय. विभागात जागा नव्हती. होती ती उंदरांनी अडवलेली. म्हणून बाईसाहेब सगळा संसार घरी घेऊन आल्या. तिच्या सरांनी बजावलं होतं, पुढची कात टाकून होईपर्यंत निम्मी तरी जगली पाहिजेत. नाहीतर विषय बंद, दुसरा शोधायचा आणि वर्ष पाण्यात.

मला ते वर्ष पाण्यात गेलेलं चाललं असतं. देवापुढे दिवा लावताना मी मनात म्हणायची, घेऊन जा रे बाबा यांना, आणि माझ्या मुलीला एखाद्या शाळेत शिकवायला लाव. चांगलं शिकलेली मुलगी, आणि दिवसभर चिमटीत झुरळाचा पाय धरून बसते. कुठल्या आईनं दुसरं काही मागितलं असतं, ते मला अजून कोणी सांगावं.

पिल्लं आली तेव्हा करंगळीच्या नखाएवढी होती आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांतून राहत होती. एका डबीत एकच, कारण दोन ठेवली तर एक दुसऱ्याला खातं. असले गुण. ती वाढली तशी मुलीची नजर माझ्या लोणच्याच्या बरण्यांवर गेली. उभट, पारदर्शक, प्लास्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या. "आई, ही झाडावर राहणारी जात आहे. यांना रुंदी नको, उंची पाहिजे," असं मला तिनं समजावलं, जसं काही मी त्यांना जागा दाखवायला निघाले होते. मग आमच्या गॅसवर दाभण तापवून बरण्यांना दोन्ही अंगांनी भोकं पाडली. नुसती झाकणाला पाडली तर आत हवा कोंडते आणि बुरशी धरते म्हणे. जळक्या प्लास्टिकचा वास वरणाला लागला. तळाशी कुटलेली नारळाची शेंडी, त्यात तिरकी उभी केलेली झाडाची साल, म्हणजे वर चढायला आणि मागे लपायला सोय. पाणी ड्रॉपरनं, तेही एकाच बाजूला थोडंसं. सगळी शेंडी भिजवायची नाही, एक बाजू कोरडी राहिली पाहिजे. बरण्या मागच्या गॅलरीतल्या फळीवर मांडल्या. तिथे ऊन येत नाही पण ऊब असते. लोणच्याला मानवणारी जागा त्यांनाही मानवली.

त्यांचं जेवण म्हणजे रातकिडे. ते एका बादलीत पाळलेले, अंड्यांच्या पुठ्ठ्यांवर. आमच्या घरात कधी अंडं आलं नव्हतं, ते तेव्हाही आलं नाही, पण पुठ्ठे आले. बादलीला कोंड्याचा आणि कुजक्या गाजराचा वास यायचा. अगदी लहान कोळ्याला रातकिडा मारून त्याचा तुकडा द्यायचा. मोठ्याला जिवंत, पण त्याच्या पोटापेक्षा मोठा नाही. कोळी किड्याला चावून चावून रस पिऊन टाकतो आणि उरल्या चोथ्याची काळी ओली गोळी खाली टाकतो. बरणीच्या आतल्या बाजूनं पांढऱ्या विष्ठेचे ओघळ येतात. हे सगळं जिथे माझा कैरीचा तक्कू असायचा तिथे.

शेजारच्या गुजराती बेन एकदा गॅलरीच्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "आ वखते शेनुं अथाणुं कर्युं छे, बेन?" आणि यंदा कसलं लोणचं घातलंय ते बरणीला नाक लावून बघायला लागल्या. आतला सालीमागून सरकन पुढे आला. बेन कठड्यावरून मागे झाल्या. त्या वर्षी त्यांच्याकडून ना ऊंधियू आलं ना आमची वाटी त्यांच्याकडे गेली.

या सगळ्यात आमच्या यजमानांना मात्र उधाण आलं होतं. मकरपुऱ्याच्या कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. सकाळी कोपऱ्यावर कंपनीची बस यायची ती वेळ झाली की चपला घालून उभे राहायचे आणि मग आठवण होऊन परत आत यायचे. त्यांना हे काम मिळालं. आणि काम काय, तर खायला घालायचं. म्हणजे आधीच मर्कट.

यांचे आजोबा संस्थानच्या मुदपाकखान्याकडे होते. पंगतीतून कोणी अर्धपोटी उठला तर तो आपला अपमान, असं त्या माणसानं मानलं आणि ते पुढच्या पिढ्यांना वंशाच्या नाकासारखं मिळालं. या घरात पहिलं 'नको' मोजत नाहीत. दुसऱ्या 'नको'ला निम्मं वाढतात. तिसऱ्याला पाहुणा पानावर हात आडवा धरतो, तेव्हा हाताला वळसा घालून वाढतात. घरातली माणसंसुद्धा हे धरूनच चालतात. भूक असली तरी पहिल्यांदा नकोच म्हणतात, कारण पुढे दोनदा विचारणार हे ठाऊक असतं. लग्न होऊन आले तेव्हा मला या आग्रहाचा इतका वीट आला, की जिलबी बघून उलटी यायची. आता त्यात भर म्हणून हे रातकिड्यांच्या बादलीत हात घालून तसेच पानावर येऊन बसायचे.

"हात धुतलेत का?" मी विचारायची.

"धुतले."

"साबणानं?"

मग उठायचे. हे रोज, दोन्ही वेळा.

पुढे मुलीला विभागाच्या लोकांबरोबर डांगला जायचं आलं, चांगले काही आठवडे. जाताना तिनं यांना फळीपुढे उभं केलं. "बाबा, आग्रह करायचा नाही. खाल्लं नाही तर किडा दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचा. पोट फुगून चकचकीत झालं, आणि सालीमागे जाळं विणून दार लावून बसला, की तो कात टाकणार. तेव्हा बरणीत जिवंत काही ठेवायचं नाही. त्याला हलता येत नाही, अंग मऊ असतं. उलट रातकिडाच त्याला खाऊन टाकेल."

"बराबर," हे म्हणाले. वर हसले.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एकेका कोळ्यानं खाणं सोडलं. यांना ते लागलं. सकाळी बरणीपुढे उभे राहून म्हणायचे, "का रे, काय झालं? काल तर आवडीनं खाल्लंस." बरणीतला किडा तसाच दिसला की त्यांना वाटे, हा किडाच नापसंत असेल. मग दुसरा टाकायचे, जरा लुसलुशीत बघून. पहिला काढायचे नाहीत, कारण वाढलेलं पानातून उचलायचं कसं?

मी बघत होते. मी तर बघतच असायची. त्यातल्या तिघा-चौघांची पोटं जांभळासारखी तकाकायला लागली होती. सालीमागे पांढरट पडदे विणले गेले होते. मी यांना म्हटलं, "ही ती सांगून गेली तशीच झालीत. ते किडे काढा."

"तुला त्यांचं काय कळतं? तुला तर घाण वाटते."

"वाटते म्हणूनच कळतं."

"भूक लागली की खाईल," असं म्हणून हे पेपर घेऊन बसले. मीही आत गेले. माझ्या नवसाला देव पावत असेल तर मी कशाला आडवी येऊ?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला होता. गॅलरीतून यांनी मला हाक मारली, पण नावानं नाही, नुसतं "अगं". मी गेले. बरणीत जाळ्याच्या गादीवर कोळी पाठीवर पडला होता. जुनी कात अर्धी निघाली होती आणि आतलं नवं अंग सोललेल्या लसणीच्या पाकळीसारखं पांढरं, ओलं. त्याच्या पोटावर रातकिडा बसला होता आणि तोंड हलवत होता. पोट अर्धं नव्हतंच. पाय मात्र अजून एकेक करून हळूहळू हलत होते.

आयुष्यात मी बरंच काही घाण पाहिलं आहे. बाळंतपणं काढली, आजारी माणसांचं केलं, तुंबलेली मोरी उपसली. पण त्या सकाळचं ते निराळं होतं. आतापर्यंत माझी सगळी किळस कोळ्यावर होती. ती जागची उठली आणि त्या रातकिड्यावर जाऊन बसली, आणि थोडी यांच्यावर. ज्याला हातपाय हलवता येत नाहीत त्याच्या अंगावर आपण जेवण सोडलं होतं.

हे पांढरेफटक पडले होते. "मी खायला घातलं," एवढंच म्हणत होते. "मी खायला घातलं."

शेजारच्या बरण्यांत बघितलं तर आणखी दोन उताणे पडले होते, कात फुटायला लागलेली, आणि त्या दोन्ही बरण्यांत यांचे लुसलुशीत किडे फिरत होते. हे दोन्ही कोळी गेले असते तर निम्म्याला धक्का होता. आधीच रोलच्या डब्यांत असताना बरीच मेली होती. मी नुसता चहा गाळायला आत गेले असते, तरी माझं मागणं पुरं झालं असतं आणि बोट कोणाकडे दाखवायचं तेही ठरलेलं होतं. मला ते कळत होतं. पण मुलगी त्या बरणीपुढे उभी राहून हे बघते आहे असं माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि तिचा तो चेहरा मला नको होता.

यांच्या हातात चिमटा दिला तर हे तो धरून नुसतेच उभे राहिले. मग मी घेतला. पहिला किडा निघाला. दुसरा सालीमागे शिरला आणि चिमटा पोचेना. जाळं हललं तर कोळी फाटेल. मी पदर खोचला, दोन बोटं आत घातली आणि तो किडा बोटांनी धरला. चिमटीत तो वळवळला, त्याचा पाय तुटून माझ्या नखाला चिकटला, आणि हाताची मागची बाजू त्या कोळ्याच्या ओल्या, गार अंगाला घासली. आत जाऊन मी मोरीत ओकले. मग बाकीच्या बरण्यांतले किडे काढले. मग परत ओकले. चहा उकळून आटून गेला होता.

त्या दिवसापासून फळी माझ्याकडे आली. मी त्यांना उपाशी ठेवायला शिकले. ते मला छान जमलं. हे फळीकडे फिरकेनात. आणि हळूहळू दुसरंही काही माझ्या लक्षात आलं. पानावर हे मला विचारायचे, "पोळी?" मी सवयीनं 'नको' म्हणायची, आणि हे डबा बंद करायचे. इतकी वर्षं ज्या आग्रहाला मी कावले होते तो एका सकाळीत संपला. मी बरेच दिवस अर्धपोटी उठले, आणि मला हे सांगायची लाज वाटली.

मुलगी आली तेव्हा उन्हानं काळी पडली होती, गालांची हाडं वर आली होती. खांद्यावरची पिशवी न उतरवता फळीपाशी गेली. यांना झाकणं धरायला लावून तिनं एकेक बरणी पाहिली. निम्म्याहून जास्त जिवंत होते, आणि जे जगले त्यांनी कात टाकली होती. यांनी तिला सगळं खरं सांगितलं, माझ्या बोटांसकट. तिनं ती रिकामी बरणी उचलून बाजूला ठेवली. "होतं असं, बाबा," म्हणाली.

जेवायला बसलो. मी भात-आमटीची पातेली यांच्यापुढे ठेवली, वाढायचं काम नेहमीच यांचं. मुलीनं पहिला भात भराभर संपवला.

"भात?" यांनी विचारलं.

"नको."

यांनी डाव खाली ठेवला. मुलगी बसून राहिली. तिचा हात पानावर तसाच सुकत होता. तिनं एकदा बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जंगलातून आलेली भुकेली पोर, आणि तिला या घरात दुसऱ्यांदा विचारणारं कोणी नव्हतं.

"वाढा," मी म्हटलं.

"ती नको म्हणाली ना."

"तिला जीभ आहे, बास झालं की सांगेल, कोळी नाही ती. वाढा."

मी डाव उचलून त्यांच्या हातात दिला. मघाशी झाकणं धरली होती तोच हात. नखांत नारळाच्या शेंडीचा भुगा होता, अंगठ्यावर बरणीतला पांढरा ओघळ वाळलेला होता, आणि बेसिनकडे हे गेलेच नव्हते, हे मी चांगलं पाहिलं होतं. त्यांनी भात घेतला, मुलीच्या पानाच्या एका बाजूला अगदी थोडा ठेवला आणि थांबले.

"आणखी, बाबा," ती म्हणाली.

यांनी आणखी वाढला. मग माझ्याकडे वळले. मी पहिलं 'नको' म्हटलं, आणि हाताचं काही विचारलं नाही.