गवताला खत घालायची गाडी

मामाची कंबर धरली तेव्हा मी पडघ्याला हायवेवरच्या एका गॅरेजात वेल्डिंग शिकत होतो. एका ट्रकखाली आडवा पडलो होतो, तेवढ्यात गावाकडच्या एका माणसाने वाकून निरोप दिला, तुझ्या मामाला उठून बसवत नाही, मामीने बोलावलंय. मिस्त्री म्हणाले, "जा, लेकिन जल्दी वापस आना. काम पडलंय ढीगभर." मी पिशवीत दोन शर्ट कोंबले आणि भिवंडीची एसटी पकडली. आठवडाभर राहू आणि परत येऊ, असा माझा हिशेब होता. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती ती.

मामा भिवंडीजवळ टेमघरला एका शेठच्या बंगल्यावर माळी होता. शेठ मूळचे खाडीकाठचे. वडिलांची भातशेती मोडून त्यांनी कापड विणायचे लूम टाकले, लूमच्या पैशातून बंगला बांधला आणि बंगल्यापुढे लॉन करवलं. ते लॉन मामाच्या हातचं. भाताची रोपं लावावीत तशी त्याने वाकून वाकून गवताची एकेक काडी लावली होती. दिघाशी गावचा माणूस, जन्मभर भातातलं गवत उपटत आलेला. पण या गवतावर त्याचा जीव होता. त्यावरून कुणी चपला घालून गेलं तर तो नुसता बघत राहायचा.

मामा-मामी बंगल्याच्या मागे, पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून असलेल्या एका खोलीत राहायचे. मूलबाळ नव्हतं. सगळ्या आवाराला पुरुषभर उंचीची भिंत होती आणि भिंतीवर काचा लावलेल्या. समोरच्या फाटकाला कुलूप, किल्ली वॉचमनच्या कमरेला. दिवसभर पंपाची घरघर, आणि पंप थांबला की लांबून कारखान्यांतली लूमची खडखड. मी पोचलो तेव्हा मामा पालथा पडून होता. मला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला. मामी म्हणाली, "शेठ दोनदा इचारून गेले, पाणी कोन घालतंय म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाइप हातात घेतला. त्यात कठीण असं काही नव्हतं. कठीण होतं ते खत. लॉनला युरिया घालायचा होता, आणि मामा तो मूठ मूठ फेकायचा, बी पेरल्यासारखा. मामी पोतं उघडताना पुटपुटली, "गावात भाताला पसाभर मिलत न्हाय, रांगेत उभं ऱ्हावं लागतं, आन् हितं गवताला पोतं." मामाच्या हाताला सवय होती. माझ्या हाताला नव्हती. मी फेकलं, पाणी दिलं आणि चार दिवसांनी लॉनवर जागोजागी पिवळे डाग उठले. जिथे मूठ जाड पडली तिथलं गवत जळून गेलं होतं.

शेठ चहाचा कप हातात घेऊन व्हरांड्यात आले. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "तुला नाही जमत."

"नाही जमत, शेठ. मी गॅरेजमधला माणूस. मामाला बरं वाटलं की मी जातोच आहे."

"मामा आता वाकू शकणार आहे का?"

मी पाइप गुंडाळू लागलो.

"हे बघ, खोली माळ्याची आहे. माळीकाम करणारा माणूस त्या खोलीत राहतो. तू जा ना, तुला कोण अडवतंय? पण मग मला दुसरा माणूस बघावा लागेल, आणि त्याला राहायला जागा लागेल."

एवढंच बोलून ते आत गेले. मी पिवळ्या डागांमध्ये उभा राहिलो. फाटक समोर होतं, वॉचमन त्याच्या स्टुलावर बिडी ओढत होता, मी म्हटलं असतं तर त्याने उघडलंही असतं. आणि तरी माझे पाय तिथेच रुतले. मी गेलो तर मामा-मामी रस्त्यावर. गावी मामाच्या धाकट्या भावाचा संसार होता, घर त्याच्याच ताब्यात, आणि दोघा भावांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. मामीला मी काहीच सांगितलं नाही. पण तिने खिडकीतून ऐकलं असावं, कारण त्या दिवशी जेवताना तिने माझ्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली आणि वर पाहिलं नाही.

आठवडा गेला, महिना गेला. मामा भिंत धरून चालायला लागला. काठी घेऊन लॉनच्या कडेपर्यंत यायचा. पण वाकला की कळ यायची आणि ओझं उचलणं तर बंदच. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की वाकायची आणि उचलायची गरजच पडणार नाही असं काही केलं तर? मामाने नुसतं ढकलायचं. यंत्र झालं की माझं इथलं काम संपलं.

शेठच्या एका कारखान्याच्या मागे भंगाराचा ढीग होता. मी शेठना विचारून तिथे गेलो आणि दिवसभर उकरत बसलो. लूममध्ये विणलेलं कापड पुढे ओढून घेणारा एक रोलर असतो. कापड घसरू नये म्हणून त्याच्यावर टोचे मारलेला खरबरीत पत्रा बसवलेला असतो, खिसणीसारखा. तसा एक गंजका रोलर हाती लागला. त्यावरून तळवा फिरवला आणि डोक्यातलं सगळं कोडं सुटलं. कापड ओढतो तो खत का नाही ओढणार?

पंपाच्या खोलीत मी मांडामांड केली. तेलाचे डबे कापून, रिव्हेट मारून, वर रुंद आणि खाली निमुळती अशी पेटी बनवली. पेटीच्या तळाला लांब फट ठेवली आणि फटीखाली रोलर. रोलरच्या दोन्ही टोकांना मुलांच्या मोडक्या तीनचाकी सायकलची चाकं. चाक फिरलं की रोलर फिरणार आणि दाणे थोडे थोडे खाली सोडणार. फट कमीजास्त करायला एक सरकती पट्टी आणि दोन नट. ढकलायला नळाच्या पाइपाचा दांडा, मामाच्या छातीएवढा उंच. वेल्डिंगला मला पडघ्याला जावं लागलं. गॅरेजात मिस्त्रींनी जोड मारू दिले, पण जाताना म्हणाले, "तेरी जगह कितने दिन खाली रखूँ?" मी म्हटलं, हे झालं की आलोच.

पहिल्यांदा खत भरलं तर गाडी दोन पावलांत बंद. युरियाला पाणी सुटून त्याचे गोळे झाले होते. मग रेती चाळून, उन्हात वाळवून खतात मिसळली. लॉनवर घालण्याआधी बंगल्यामागच्या सिमेंटच्या अंगणात नुसती रेती भरून चालवून पाहिली. मामा दांड्याला धरून चालू लागला. पाठ सरळ, काठी बाजूला. मागे सिमेंटवर रेतीचा एकसारखा पट्टा पडत गेला. मामी दारात उभी होती. म्हणाली, "रांगोलीच घातली जनू." मामा टोकाला पोचला, वळला, पट्ट्याकडे बघितलं आणि दुसरा पट्टा त्याला चिकटून काढला. मग तिसरा. थांबायलाच तयार नव्हता.

मग मामाने त्याच गाडीने लॉनला खत घातलं, आणि या वेळी ते कुठेही जळलं नाही. दहाबारा दिवसांत सगळीकडून सारखं हिरवं झालं. मी शेठसमोर जाऊन उभा राहिलो. "शेठ, आता मामाला जमतं. मी निघतो."

शेठ खूश होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अरे, निघतो काय? रविवारी माझे दोन मित्र येतायत तुझी गाडी बघायला. त्यांच्याकडेही लॉन आहे. आणि ती औषध मारायची पाठीवरची टाकी, ती मामाला कुठे उचलतेय? त्याचंही काहीतरी कर. डोकं आहे तुला."

रविवारी मित्र आले. मला गाडी चालवून दाखवायला लावली. त्यानंतर गाडी आणि मी, दोघेही इकडेतिकडे जाऊ लागलो. शेठ सांगायचे, उद्या अमक्याकडे जा, आणि त्यांचा टेम्पो आम्हाला नेऊन सोडायचा. मी जे स्वतःच्या सुटकेसाठी बनवलं होतं, त्यानेच मला आणखी जखडलं. पडघ्याहून कळलं की मिस्त्रींनी दुसरा माणूस ठेवला. त्यांची काहीच चूक नव्हती. त्या दुपारी मी पंपाच्या खोलीत जाऊन बसलो. पंप चालू होता, सगळी खोली थरथरत होती. त्या आवाजात माणूस ओरडला तरी बाहेर ऐकू गेलं नसतं. मी ओरडलो नाही. पण मनात आलं होतं.

पावसाळ्यानंतर लॉनमध्ये अळी पडली. औषध मारणं भाग होतं. आणि मला अजून वाटत होतं, की हे एक शेवटचं केलं की शेठकडे कारण उरणार नाही. पडघ्याला भंगारात निघालेल्या एका ट्रकची हवेची छोटी टाकी मिळवली. तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह डकवला, म्हणजे पायाच्या पंपाने हवा भरता येईल. टाकी दोन चाकांच्या गाडीवर, मागे आडवा पाइप, आणि पाइपाला ओळीने स्टोव्हचे निपल. हवा भरून चावी सोडली तर निपलांतून सुतासारख्या सरळ चिळकांड्या. जमिनीत भोकं पडतील अशा. दोन दिवस डोकं धरून बसलो. मामी स्टोव्ह पेटवत होती. बर्नरवरची वाटी दाखवून म्हणाली, "हिला आपटून जाल पसरतो. तुज्या पान्याला आपटायला काय हाय?"

मी प्रत्येक निपलासमोर पत्र्याची नखाएवढी चकती तिरकी बसवली. पाणी तिच्यावर आपटलं आणि पंख्यासारखं पसरलं. फवारा इतका बारीक, की उन्हात त्यात रंग दिसले.

ते यंत्र चालवायला मात्र दोन माणसं लागत. एक हवा भरायला, एक ओढायला. मामाचा पाय पंपावर जोर धरेना. तेव्हा मामीने पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं आणि पंपावर पाय दिला. मामा गाडी ओढत पुढे, मामी मागून हवा भरत. दोघं सगळं लॉन फिरले. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून पाहत राहिलो. त्या दोघांना एकत्र काम करताना मी तिथे पहिल्यांदाच बघत होतो.

शेठ बाहेर आले. थोडा वेळ बघून म्हणाले, "छान. पण मामीला समोर नको उभं करूस. पाहुणे येतात. तूच कर हे."

मामीने फडकं सोडलं. शेठ आत गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "तू आमच्यापायी हितं बसलाय ना?"

"तसं काही नाही, मामी."

"मला दिसत न्हाय का? गाडी बनवलीस, मंग आनकी एक गाडी. उद्या शेठ तिसरी सांगल. तू किती बनवशील?" आणि मग मामाकडे वळून, "आन् तुमी. हे गवत सोडवत न्हाय म्हनून बसलाय. मी कुनासाटी बसलेय, ते इचारलंय कदी कुनी?"

मामाने ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं, बराच वेळ धूत राहिला.

पुढच्या रविवारी मामी एकटीच एसटीने दिघाशीला गेली. कशाला, ते तिने सांगितलं नाही. मामा दिवसभर फाटकाकडे बघत होता. संध्याकाळी ती परत आली, पायावर लाल धूळ. चूल पेटवता पेटवता म्हणाली, "भाऊजींशी बोलले. आदी बोलले न्हाईत, मंग बोलले. पडवी आपली. घरामागचा तुकडा आपला, भाजीपुरता. जाऊबाईनं चा दिला." फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "एवडी वर्सं कुनी इचारायलाच गेलं न्हवतं."

मीही गेलो नव्हतो. ती वाट बंद आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि दार लोटून बघितलं ते मामीने.

शेठना सांगायला मामा स्वतः गेला, काठी टेकत. मी मागे उभा. शेठना धक्का बसला, ते दिसलं. थांबा म्हणाले, खोलीला रंग देतो म्हणाले. मामा मान हलवत राहिला, नाही म्हणून. शेवटी शेठ माझ्याकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. गाड्या इथेच राहतील. भंगार माझ्या कारखान्याचं आहे."

टाकी त्यांची नव्हती, वेल्डिंग तर पडघ्याचं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामाने माझा दंड धरला. "ऱ्हाऊ दे. गवताला लागल ते." मला राग आला, मामाचाही आला. पण मी पिशवी भरायला वळलो. निघायच्या दिवशी मामाने सकाळी उठून शेवटचं पाणी घातलं. मी पंपाच्या खोलीत जाऊन नवीन माळ्याला पट्टी किती उघडायची ते दाखवलं. तो कोरडेपणाने हो हो म्हणाला.

पडघ्याला त्या गॅरेजात मला परत जागा मिळाली नाही. पुढे त्याच रस्त्यावर एका ट्रॉल्या बनवणाऱ्याकडे लागलो. तो माणूस कटकट्या होता, पण संध्याकाळी शटर पडलं की मी मोकळा. तरी बरेच दिवस घरी जाताना वाटायचं, काहीतरी अर्धं ठेवून निघालोय, कुणीतरी मागून हाक मारेल.

मामा गावी लवकर रुळला नाही. पहिल्या वेळी भेटायला गेलो तेव्हा तो घरामागच्या तुकड्यात खुर्पं घेऊन बसला होता. मामीने वालाचे वेल चढवले होते. वेलांमध्ये गवत वाढलं होतं आणि मामा ते उपटत नव्हता. मामी चुलीपाशी होती, तिथूनच ओरडली, "उपटा की वो!"

मामाने माझ्याकडे बघितलं, थोडा हसला, आणि पहिली काडी मुळासकट ओढली.