की लॉक आणि माझे दोन कान

आमच्या पेटीत वायरी आणि किस्से एकत्रच पडलेले असतात. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात! येडशीला आमचं साऊंड आहे. हळद, लग्न, जावळ, काय म्हणाल ते. मी दत्ता, लॅपटॉप आणि कंट्रोलर सांभाळतो. माझा पार्टनर सलीमभाई स्पीकर सांभाळतो, आणि मलाही तोच सांभाळतो.

सांभाळतो म्हणजे कसा, ते आधी सांगतो. गाण्याचा स्पीड वाढवला की गाणाऱ्याचा आवाज बारीक होतो. कमी केला की जाड होतो. तसं नको असेल तर कंट्रोलरवर 'की लॉक' म्हणून एक बटण असतं, ते दाबायचं. मग स्पीड बदलतो, पण आवाज होता तसाच राहतो. मात्र त्यासाठी मशीन गाण्याचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडत बसतं. स्पीड फार ताणला की जोड उघडे पडतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यागत होतो.

म्हणजे असं सगळे म्हणतात बाबा!

कारण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पार टोकाला नेलं तर कळतं, एरवी लॉक लावलंय का काढलंय हे कानानं ओळखता येत नाही. आज नऊ वर्षं मी हेच काम करतोय. ही गोष्ट आमच्या धंद्यात फक्त सलीमभाईला माहीत आहे. बाकी कुणाला कळली तर धंदा बसलाच म्हणून समजा!

* * *

सलीमभाईला तरी कशी कळली? नवा कंट्रोलर आला त्या दिवशी गोडाऊनमध्ये आम्ही तो जोडून बसलो होतो. सलीमभाईनं एक गाणं लावलं, स्पीड वाढवला आणि म्हणाला, "आता लॉकशिवाय ऐक."

मी ऐकलं.

"आता लॉक लावून ऐक."

मी डोळे मिटून ऐकलं. मान पण हलवली.

"कळला का फरक?"

"कळला की! दुसऱ्या वेळेला आवाज कसा एकदम मोकळा वाटला. लॉक म्हणजे लॉकच!"

सलीमभाई हळूच म्हणाला, "दत्ता, मी बटनाला हात पन न्हाय लावला अजून!"

* * *

त्या दिवसापासून आमची खूण ठरली. सलीमभाई स्पीकरपाशी उभा राहणार. त्यानं मूठ दाखवली की लॉक लावायचं, पंजा दाखवला की काढायचं. मी फक्त त्याच्या हाताकडं बघायचं. लोकांना वाटतं, काय एकेक कलाकार आहेत, डोळ्याडोळ्यांत बोलतात!

आमच्या जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. गाणं चांगलं तेज केलेलं, लॉक लावलेलं, बायका रंगात आलेल्या. इतक्यात सलीमभाईनं पंजा दाखवला. मी लॉक काढलं. त्यानं परत जोरात पंजा हलवला. आता काढलेलं लॉक अजून कसं काढू? मला काय उमगेना. म्हटलं स्पीड अजून पाहिजे असेल. वाढवला!

गाणारा बाप्या होता, त्याचं पार लेकरू झालं. एवढं मात्र मलाही कळलं.

सलीमभाई पळत आला. "अरे, काय केलंस हे?"

"तूच पंजा दाखवलास की!"

"गांधीलमाशी हाकलत होतो रे मी!"

आता गाणं बंद करणार, तेवढ्यात नवरीची आत्या हळदीच्या हातानं टेबलापाशी आली.  आत्या म्हणाल्या, "बारक्या लेकरानं म्हणलंय व्हय हे? लई गोड गळा हाय गं बाई! परत लावा!"

तीन वेळा लावलं. चौथ्या वेळेला त्या लेकराचं गाव विचारायला लागल्या.

* * *

तुळजापूरला एका लग्नात नवरदेवाचे चुलते भेटले. आयुष्यभर भजनात पेटी वाजवलेला माणूस. नवरी स्टेजवर येताना गाणं सावकाश पाहिजे, असं घरच्यांनी सांगितलं होतं. सलीमभाईनं मूठ दाखवली, मी लॉक लावून स्पीड खाली ओढला. चुलते खुर्चीतून उठून तडक माझ्याकडं आले.

"हा मानूस पान्यात उभा राहून गातोय का?"

मी सलीमभाईकडं बघितलं. पंजा! लॉक काढलं.

"आता हा झोपंतनं उठून गातोय."

मी घाबरून स्पीड होता तिथं आणून ठेवला.

"हां! आता जमलं. आता मानसात आला. पर लई पळतोय, जरा सावकाश घ्या."

"काका," मी हात जोडले, "सावकाश घेतलं की लॉक लावा नाहीतर काढा, दोनच गोष्टी आहेत. तुम्हाला दोन्ही पसंत नाहीत. मी काय करू?"

चुलते म्हणाले, "त्यात काय एवढं? त्या गानाऱ्याला बोलवून घ्या आन् सांगा, बाबा, जरा दमानं म्हन!"

* * *

हलगी आणि डीजे एकत्र असले की आमचे हाल विचारू नका. आमच्याकडं एक हलगीवाले मामा येतात. वरातीत ते पुढं, आमची गाडी मागं. मामांच्या हाताचा काही भरवसा नाही. अंगात आलं की स्पीड वाढवतात आणि मी गाणं घेऊन त्यांच्या मागं पळतो. पुढं पोरं थकली की मामा एकदम सावकाश वाजवतात, मीही गाणं मागं ओढतो.

असंच एकदा लॉक लावून फार ओढलं. मामा वाजवता वाजवता थांबले, मागं वळून बघितलं, परत सुरू झाले. परत थांबले. तिसऱ्यांदा गाडीपाशी येऊन म्हणाले, "माझ्या मागनं दुसरा कोन वाजवतोय?"

"कुणी नाही मामा, गाण्यातला ढोल आहे."

"एक ठोका हानला की दोन ऐकू येतेत!"

सलीमभाईनं समजावलं, की स्पीड फार कमी केला तर मशीन ठोक्याचा तुकडा दोनदा लावतं. मामांना ते पटलं. मला नाही पटलं, कारण मला एकच ऐकू येत होता. नंतर मी सलीमभाईला विचारलं, खरंच दोन होते का? तो म्हणाला, "दोन होते." मग मामांना विचारलं. मामा म्हणाले, "आता इचार केला तर तीन व्हते!"

* * *

शेवटी वैतागून धाराशिवला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. घरी सांगितलं, कानात मळ झालाय. डॉक्टरांनी हेडफोन चढवून काचेच्या खोलीत बसवलं. शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. मी घाम फुटेपर्यंत मन लावून ऐकलं.

कागद बघून डॉक्टर म्हणाले, "फर्स्ट क्लास कान आहेत!"

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी म्हटलं, "साहेब, नीट बघा. कुठंतरी खराब असणारच."

"काय त्रास होतो?"

मी त्यांना लॉकचं सगळं सांगितलं. मूठ, पंजा, पत्र्याचा डबा, सगळं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा, येतंय ते कानापर्यंत पोचतंय. पुढं तुम्ही त्याचं काय करता, ते माझ्याकडं तपासत नाहीत."

सलीमभाईला ही बातमी दिली तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे आता बहाना पन गेला!"

* * *

आणि आता हा एक शेवटचा, एका गावातल्या लग्नाचा. सलीमभाईच्या भाचीचा निकाह त्याच दिवशी लातूरला, त्यामुळं त्या लग्नाला मी एकटाच गेलो होतो. स्पीकर लावायला मजूर होते, पण मूठ-पंजा दाखवायला कुणी नव्हतं. म्हटलं, दुपारचं लग्न, मंगलाष्टका नि सनई. लॉकचं काम पडतंय कशाला?

पडलं. नवरीची आई माझ्याकडं आली, हातात एक जुना फोन. काकूंचे मालक वर्षापूर्वी वारलेले. गावात कुणाचंही लग्न असो, माईकवर मंगलाष्टका तेच म्हणायचे. पोरीच्या लग्नापर्यंत आपण टिकत नाही, हे त्यांना कळलं होतं. म्हणून शेवटच्या आजारपणात, खाटेवर बसून, त्यांनी तिच्यासाठी मंगलाष्टका फोनमध्ये म्हणून ठेवल्या होत्या.

"दम लागायचा दादा त्यांना," काकू म्हणाल्या. "दम सुटायच्या आत संपवायचं म्हनून घाईत म्हनलंय. लोकास्नी अक्षता टाकायला सुदा टाइम मिळायचा न्हाय. तेवढं सावकाश करून लावता का?"

"करतो की काकू."

"पर त्यांचा आवाज बदलू देऊ नका बरं का. तेवढाच ऱ्हायलाय आमच्यापाशी."

 सावकाश करायचं आणि आवाज बदलू द्यायचा नाही. म्हणजे लॉक! आणि लॉक लागलंय का नाही, हे मला कानानं कळणार नाही. त्यात हा माणूस मी जिता कधी ऐकलेला नाही. मी सलीमभाईला फोन लावला. तिकडं नुसता गलका. मी म्हटलं, "भाई, एक आवाज ऐकवतो, बरोबर आहे का सांग." तो ओरडला, "काय? बिर्याणी उतरली का?" फोन कट.

भटजी मला खुणावायला लागले. कंट्रोलरच्या डाव्या बाजूला सनई चालू होती, म्हणून काकांचं रेकॉर्डिंग मी उजव्या बाजूला घेतलं. लॉकचं बटण दाबलं. लाइट लागली. दोनदा बघून घेतली. स्पीड चांगला खाली ओढला, देवाचं नाव घेतलं आणि लावलं.

काकांचा आवाज मांडवात घुमला आणि बोलणं एकदम थांबलं. पंगतीच्या तयारीत असलेले लोक भांडी हातात धरून तसेच उभे राहिले. पहिलं कडवं संपलं. सावधान झालं, तरी कुणी अक्षता टाकेना! नवरी अंतरपाटामागं रडायला लागली. काकूंनी मुठीत अक्षता धरलेल्या, ती मूठ तशीच वर राहिली.  म्हटलं दत्ता, वाटोळं केलंस! आवाज पत्र्याचा झालाय आणि या सगळ्या मांडवात एकट्या तुलाच तो कळत नाही.

दुसऱ्या कडव्याला कुणीतरी अक्षता टाकल्या, मग सगळ्यांनी टाकल्या. शेवटच्या 'शुभमंगल सावधान'ला मी वाजंत्री लावायची असते, बटण दाबलं की लगेच धडाडते. मी ती लावलीच नाही. भटजींनीच टाळ्या वाजवायला सांगितल्या.

तेव्हा माझं कंट्रोलरकडं लक्ष गेलं. दोन्ही बाजूंचं लॉक वेगवेगळं असतं. लाइट लागली होती ती डाव्या बाजूची, सनईची. उजव्या बाजूचं लॉक मी लावलंच नव्हतं! एवढा स्पीड खाली, आणि लॉकच नाही. एका बाईनं एकच गोष्ट मागितली होती, आवाज बदलू देऊ नका. मी तेवढाच बदलला होता.

गर्दीतून वाट काढत काकू सरळ माझ्याकडं यायला लागल्या. मी उठून उभा राहिलो. ठरवून टाकलं, कबूल करायचं. लॉकचं, कानाचं, नऊ वर्षांचं, सगळं. पायाच पडायचं.

"काकू, माझं चुकलं..."

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. टेबलाची कड धरून त्या स्पीकरकडं बघत होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "फोनमधी तर त्यांचा आजारातला आवाज व्हता, पार बारीक झालेला. ह्यो तर आजाराच्या आधीचा हाय! कुठं घावला तुमाला?"