सुपभर कोंड्यात विकलेलं लेकरू

बालाघाटच्या त्या गल्लीत सहा वर्षं एक नाटक चाललं होतं. ना पडदा, ना पेटी, ना तिकीट. गल्लीतल्या लहानथोरांना त्यात काम होतं आणि प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. प्रेक्षक मात्र एकच. त्याला फसवायचं, एवढ्यासाठीच सगळा खेळ.

शेवंता त्याचं नाव घेत नसे. मरण हा शब्दच तिच्या तोंडी नव्हता. नुसतं 'तो' म्हणे. 'तो ऐकते', 'तो पाहते'. तिची तीन लेकरं त्याने नेली होती. पहिलं बारसं होण्याआधीच गेलं, दुसरं रांगता रांगता. तिसरी मुलगी. ती 'माय' म्हणायला लागली आणि त्याच आठवड्यात तापाने गेली. तेव्हापासून शेवंताच्या मनात एकच रुतून बसलं होतं. पोरीने माय म्हटलं, आणि त्याने ते ऐकलं.

चौथ्या वेळी मुलगा झाला, तेव्हा शेजारच्या दुर्गाबाईने सूत्रं हाती घेतली. दुर्गाबाई विधवा, सात लेकरांची आई, सातही धडधाकट. आवाज असा, की वैनगंगेच्या या काठावरून तिने हाक मारली तर पलीकडच्या म्हशींनी मान वर करावी. तिने बाळाला सुपात घालून गल्लीच्या टोकाला उकिरड्यावर ठेवायला लावलं आणि मग स्वतःच तिथून सहज चालल्यासारखी आली.

"काय व शेवंते, काय पडलं हाये हे?"

"कचरा हाये, बाई." पाठ केलेली नक्कल शेवंताने खाली पाहून म्हटली.

"मग मले दे. घे हा सुपभर कोंडा. झाला सौदा! आयका हो सगळे, पोट्टा आता माह्या हाये! माह्या घरी जागा नाई, म्हनून हिच्याकडं राखाले ठेवून राह्यली."

तो कोंडा शेवंताच्या नवऱ्यानेच, भोजराजने, तो मजुरी करायचा त्या राईस मिलमधून आणून दुर्गाबाईला दिला होता. पण रंगभूषा आत कशी केली हे प्रेक्षकाला कळायचं कारण नाही.

मुलाचं नाव पडलं कोंडू. तो शेवंताच्या घरी जेवला, तिच्या कुशीत निजला, पण तिला काकू म्हणाला आणि दुर्गाबाईला माय. कुणी पाहुण्याने "गोड हाये लेकरू" म्हटलं, की शेवंता तोंड वाकडं करून म्हणे, "कोनाचं पोट्टं, देव जाने." आणि मग चुलीपुढे बसून उगाच फुंकणी फुंकत राही. धुराने डोळे लाल झाले, असं सांगायला बरं.

चीनची लढाई होऊन वर्ष झालं, तेव्हा कोंडू शाळेच्या वयाचा झाला.

भोजराज मिलमध्ये पोती वाहायचा. भुशाने त्याची छाती भरली होती. खोकला आला, की तो भिंतीला हात टेकून उभा राहायचा. "मी भूस खाल्लं ते खाल्लं," तो म्हणायचा, "याले नाई खाऊ देनार." शाळा तर हवीच होती. पण कुठली?

नगरपालिकेची शाळा फुकट होती. तिथे दोन वर्गांना मिळून एक गुरुजी, आणि जेवणानंतर गुरुजींना डुलकी लागली, की पोरं छोट्या रेल्वेच्या रुळांवर खेळायला पळायची. रूळ म्हटल्याबरोबर शेवंताने ती शाळा मोडीत काढली. इंग्रजी कॉन्व्हेंट होतं. तिथे बूट, मोजे, गळ्याला पट्टा. भोजराज फाटकातून आत डोकावून परत आला. राहिली ती चर्चच्या बाजूची मिशनची लहान शाळा. कौलारू, हिंदीतून शिकवणारी. फी थोडी, आणि मजुराच्या लेकरांना त्यातही सूट. वर्गात केरळच्या सिस्टर, फाटकाला कुलूप, शाळा सुटल्याशिवाय पोर बाहेर येणं नाही.

"तिथं पानी शिंपडतेत अन् नाव बदलवून टाकतेत," समोरच्या वसंताने दारात उभं राहून सांगितलं.

"बदलवू दे," दुर्गाबाई म्हणाली. "कोंडूपरीस वाईट नाव ते कोठून आनतीन?"

सगळे हसले. शेवंता हसली नाही.

भोजराज एका दुपारी मोठ्या सिस्टरना भेटून आला. मी मुलाचा बाप, राईस मिलमध्ये आहे, असं सांगून त्याने हात जोडले होते. सिस्टर हो म्हणाल्या. एकच गोष्ट हवी होती. मुलाच्या आईने येऊन समोर सांगायचं, की मुलगा माझा आहे आणि मी त्याला रोज शाळेत पाठवीन. बाप लोक कबूल करतात आणि विसरतात, असा त्यांचा अनुभव होता.

शेवंताच्या हातातली परात खाली पडली.

"अजी, मी नाई जात."

"अवं, दोन शब्द बोलाचे हाये."

"तेच तं नाई बोलनार. सहा वर्सं गिळून राह्यली मी ते शब्द!"

भोजराजने वाकून परात उचलली. तिसऱ्या लेकीला त्यानेच आपल्या हातांवर मसणवटीत नेलं होतं.

तोडगा पुन्हा दुर्गाबाईनेच काढला. "त्यात काय व? माय मीच हावो. सौदा पक्का हाये. मीच जाते." दोन दिवस तालीम झाली. मुलाचा बाप भोजराज, मुलाचं वय सहा, रोज पाठवीन, वेळेवर पाठवीन. दुर्गाबाईने नवं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं. तिने कोंडूचा हात धरला, आणि शेवंता शेजारीण म्हणून सोबत निघाली. घरी थांबणं तिला जमलं नसतं.

मिशनच्या कचेरीत मोठ्या सिस्टर टेबलामागे बसल्या होत्या. पांढरा झगा, जाड भिंगांचा चष्मा. शेजारच्या वर्गात पोरं पाढे घोकत होती आणि तो कालवा भिंतीवरून आत येत होता. शेवंता दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"माँ कौन है?" सिस्टरनी विचारलं.

"मी जी, मी!" दुर्गाबाई दोन पावलं पुढे आली. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा आवाज.

"बाप?"

"भोजराज. राईस मिलमंधी हाये. हट्टाकट्टा हाये."

सिस्टरनी चष्मा वर केला आणि दुर्गाबाईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. केरळातून आल्या तरी बालाघाटात त्यांची वर्षं गेली होती. या मुलखातल्या बायकांचं कपाळ त्यांना वाचता येत होतं.

"आप का आदमी ज़िंदा है, तो टिकली क्यों नहीं? चूड़ी क्यों नहीं?"

दुर्गाबाईचा हात आपोआप कोऱ्या कपाळाकडे गेला. दोन दिवसांच्या तालमीत संवाद घोटले होते, लुगडं निवडलं होतं, आणि सगळ्या गल्लीला एवढी गोष्ट दिसली नव्हती. इतक्या वर्षांत त्या कपाळाची सवयच झाली होती.

"ते... पुसलं जी. घाम आला," दुर्गाबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बसला.

सिस्टर कोंडूकडे वळल्या. "बेटा, तुम किसके घर में रहता है?"

"काकूच्या," कोंडूने शेवंताकडे बोट केलं.

"और माँ?"

"माय तिच्या घरी राहते. मले इकत घेतलं हाये तिनं. कोंडा देऊन." त्याने हे अभिमानाने सांगितलं. गल्लीत दुसऱ्या कुठल्याही पोराला विकत घेतलेलं नव्हतं.

सिस्टरचा चेहरा बदलला. रागाने नाही, कळवळ्याने, आणि तेच भयंकर होतं. त्यांनी मुलाला टेबलाच्या आपल्या बाजूला ओढून घेतलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"खरीदा है," त्या हळू म्हणाल्या. "इसका माँ नहीं है, वो बाप भी झूठ बोला। डरने का बात नहीं, बेटा। हमारा आश्रम है। खाना, कपड़ा, बिस्तर, सब मिलेगा। हम इसको इधर ही रखेगा।"

शेवंताची पाठ चौकटीवरून सुटली. एका बाजूला तो, जो कान लावून होता आणि तीन वेळा येऊन गेला होता. दुसऱ्या बाजूला हा पांढरा, मायाळू हात, जो तिच्या लेकराच्या केसांवरून फिरत होता आणि सुटणार नव्हता. ती बोलली नाही तर मुलगा इथे गेला. बोलली तर तिथे.

"माह्या हाये," ती पुटपुटली.

शेजारी पाढे जोरात चालले होते. त्या कालव्यात त्याला ऐकू जाणार नाही, अशी तिने आशा धरली होती.

"क्या?" सिस्टरनी कानामागे हात धरला. "ज़ोर से बोलिए। सुनाई नहीं दिया।"

"माह्या..."

"ज़ोर से!"

शेवंताने डोळे मिटले आणि सहा वर्षं छातीत कोंडलेला आवाज सोडला.

"माह्या हाये! मी त्याची माय हावो! माह्या पोटचा हाये तो!"

नेमक्या त्याच घटकेला शेजारच्या वर्गातल्या बाईंनी टेबलावर पट्टी आपटली होती. पाढे थांबले होते. त्या शांततेत शेवंताचे शब्द कौलांना जाऊन लागले. वर्गातली पोरं माना वळवून दारातून पाहू लागली. कोंडूने तोंड उघडं टाकून तिच्याकडे पाहिलं. शेवंताने धावत जाऊन त्याला सिस्टरच्या हाताखालून ओढून काढलं आणि पदराखाली झाकलं, जणू वरून काही पडणार होतं.

काही पडलं नाही. सिस्टरनी सगळं विचारून घेतलं, दुर्गाबाईने मान खाली घालून सगळं सांगितलं, आणि मुलाचं नाव लिहिलं गेलं. आईच्या जागी शेवंता.

फाटकाबाहेर येताच शेवंता रस्त्यातच खाली बसली. "आयकलं त्यानं, दुर्गाबाई. आयकलं. म्या सोताच हाक मारली त्याले."

दुर्गाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग कमरेवर हात ठेवले. बसलेला आवाज परत आला होता.

"खोटं बोलते ही!" ती आभाळाकडे तोंड करून ओरडली. सायकलवाले थांबले. "फी माफ व्हावी म्हनून खोटं बोलली, लबाड बाई! पोट्टा माह्या हाये! सुपभर कोंडा मोजला हाये म्या! कोनाले काही इचाराचं असन तं मले इचारा! माह्या दारात या!"

असं बोलावणं कुणी कधी दिलं नसेल. दुर्गाबाईलाही सात लेकरं होती. बोलून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि ती झपाझप घराकडे निघाली.

शाळा सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात कोंडूला ताप चढला. गल्लीतून येणारा प्रत्येक जण दारातच थांबू लागला. शेवंताने चूल पेटवली नाही. दवाखान्यातलं औषध तिने चमच्याने पाजलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवून बसली, की तापात त्याने चुकूनसुद्धा तिला माय म्हणू नये. दुर्गाबाई उंबऱ्यावर आडवी बसून राहिली.

ताप उतरला. साधाच होता, पोरांना येतो तसा.

"नको पाठवू आता," भोजराज म्हणाला. "नाव काढून टाकतो. मिलमंधी लागन कामाले, अजून काय."

शेवंता कोंडूच्या सदऱ्याची गुंडी लावत होती.

"पाठवते."

"काहून व? भेव नाई लागत तुले?"

"लागते ना. लय लागते. पन त्याले कळाचं ते कळलं, आता लपवून काय होते? यायचा असन तं मिलमंधीही येईन. मंग शिकू तं द्या पोराले."

ती कोंडूला घेऊन निघाली. मनगट इतकं घट्ट धरलेलं की त्याची बोटं पांढरी पडली. मिशनच्या फाटकाशी पोरांची गर्दी होती. कोंडूला आत कुणीतरी मित्र दिसला आणि तो ओढ घेऊ लागला.

"हात सोड ना, माय. दुखून राह्यला."

काकूऐवजी माय. चिडून म्हणाला, सहज, दुसऱ्या पोरांकडून उचललेलं. शेवंता दचकली. तिने इकडेतिकडे पाहिलं. एक भाजीवाली टोपली सावरत चालली होती. फाटकाच्या कडेला एक कुत्रं झोपलं होतं.

त्याच्या तोंडावर ठेवायला उचललेला हात तिने खाली घेतला. मग दुसऱ्या हाताची पकड सोडली. कोंडू आत पळाला आणि शेवंता फाटकाबाहेर भिंतीला टेकून बसली, शाळा सुटेपर्यंत.